आपल्यातल्या एका भावासाठी

त्यांना सगळे ब्रेकमामा म्हणत. गाडी शिकवायचा त्यांचा धंदा. शिकणारा बसणार स्टिअरिंगपुढे, मामा त्याच्या शेजारी, आणि मामांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा एक जादा ब्रेक. मांजराच्या मनात रस्ता ओलांडायचा विचार यायच्या आधी मामांनी ब्रेक दाबलेला असायचा. उभा जन्म हेच केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? बसमध्ये बसले तरी पाय दाबायचे. घरात मामी उकळतं पातेलं घेऊन वळल्या तरी दाबायचे. चर्चमध्ये पाळकबाईंचं प्रवचन जरा अवघड वळणाला लागलं, की बाकाखाली मामांचा उजवा पाय आपसूक खाली जायचा. शेजारी बसलेला नळभाऊ मग हळूच पुटपुटायचा, "मामा, उगाच दमू नका. बाईंना ब्रेक बसवलेलाच नाहीये."

नळभाऊ म्हणजे चर्चच्या मंडळीतला नळ दुरुस्त करणारा. मामांपेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, अंगानं आडवा, आणि आवाज असा की मोठ्या पाइपातून पाणी यायच्या आधी घुमतं तसा. गायकवृंदात खालचा सूर धरणारे हे दोघेच. गीतांची पुस्तकं पुरत नसत, म्हणून दोघांत मिळून एक. नळभाऊला लांबचं दिसत नाही आणि मामांना जवळचं, त्यामुळे पुस्तक किती अंतरावर धरायचं यावरून दर रविवारी खेचाखेची. शेवटी कसंतरी जमवून दोघं डोक्याला डोकं लावून गायचे. गायनबाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई, पेटीवरून मान वर करून म्हणायच्या, "दोन बोके एका ताटात." चिडून नव्हे हं, कौतुकानं.

मामांचा स्वभाव काळजीचा. काळजी करण्यासारखं काही नसलं तर आपण काहीतरी विसरतोय की काय, याची काळजी. त्यामुळे ईस्टरच्या आधी उपवासाच्या दिवसांत खोकला सुरू झाला, तेव्हा मामी म्हणाल्या, "घ्या, आता तुम्हाला हक्काचा विषय मिळाला." गरम पाणी झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, गळ्याला मफलर झाला. खोकला काही हलेना. तिकडे ईस्टरच्या गीतांची तालीम जोरात. चर्चच्या मागच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं उभे राहायचे, आणि खिडक्या घट्ट बंद, कारण समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना संध्याकाळी गाणं सहन होत नव्हतं. त्या कोंदट खोलीत मामा आठवड्यामागून आठवडे छाती भरभरून गायले आणि मधेमधे खोकले.

ईस्टरच्या सकाळी गाणं असं झालं, की मागच्या बाकावरचे म्हातारेसुद्धा काठी टेकून उभे राहिले. प्रभू उठला आहे, असं म्हणत लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मामाही पडले. मग खोकल्याची उबळ आली म्हणून अंगणात गेले, रुमाल तोंडाला लावला, आणि रुमालावर लाल ठिपका दिसला. लहानसाच. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे नळभाऊ येऊन उभा राहिला आणि तोही खोकला. "बाथरूम फोडतोय ना त्या नव्या घरात," तो म्हणाला, "सिमेंट गेलंय घशात. तुमचं काय, गाडीत सिमेंट भरता की काय?" मामांनी रुमाल खिशात कोंबला आणि हसल्यासारखं केलं.

सोमवारी मामी त्यांना हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन दिवसांनी नर्सबाईंनी समोर बसवून सांगितलं, टीबी आहे. बरा होतो. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि मी सांगेपर्यंत माणसांत जायचं नाही, घरातही मास्क. मामी तिथल्या तिथे तपासून झाल्या, त्यांना काही नव्हतं.

"आता सांगा," नर्सबाई म्हणाल्या, "बंद खोलीत कोणाकोणाबरोबर बराच वेळ असता? त्या सगळ्यांना तपासायला हवं."

"कोणी नाही. मी आणि माझी गाडी."

"गाडी आपली आपणच शिकते वाटतं?"

मामा ओशाळले. "शिकणारे असतात. त्यांना मी कळवतो. आणि गाडीच्या काचा उघड्याच असतात."

शिकणाऱ्यांना त्यांनी खरंच कळवलं, एकेकाला फोन करून. निम्मे जण पुन्हा कधी आले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण तालमीच्या खोलीबद्दल मामांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मामी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, हा कसला माणूस? परक्यांना सांगतो आणि आपल्या माणसांपासून लपवतो? अहो, परके काय, फार तर दुसऱ्या शाळेत जाऊन गाडी शिकतील. आपल्या माणसांची भीतीच वेगळी. मामांच्या वडिलांना हाच आजार झाला होता, मामा शाळेत होते तेव्हा. वडील खडखडीत बरे झाले. पण मंडळीत ते ज्या बाकावर बसत, त्या बाकावर पुढे कितीतरी वर्षं दुसरं कोणी बसलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, कोणी उठा म्हणालं नाही. नुसतं बसलं नाही. तेवढ्या लांबलचक बाकावर वडील आणि त्यांच्याशेजारी शाळकरी मामा, एवढे दोघेच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मामा त्या बाकावर शिकले.

पण मूठ झाकून भागणार नव्हतं, कारण नळभाऊ खोकत होता. एका पुस्तकात तोंड घालून गाणारा माणूस. त्याला आपल्यामुळे लागण झाली नसेल कशावरून? आणि ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी सगळा गायकवृंद वृद्धाश्रमात गाणार होता. पाळकबाईंनी यंदा मनावरच घेतलं होतं, की ईस्टर झाला म्हणून मंडळीनं हुश्श करून घरी बसायचं नाही, जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं. म्हणजे नळभाऊ त्या जर्जर म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये उभा राहून छाती फुटेपर्यंत गाणार. हे चित्र मामांच्या डोळ्यांपुढून हलेना. घास घशाखाली उतरेना. सांगितलं तर बाक, न सांगितलं तर म्हातारे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"उठा आणि पाळकबाईंना सांगा," मामी म्हणाल्या.

मामा उठले, फोन लावला, आणि जे करायला नको होतं नेमकं तेच केलं. मंडळीतल्या माणसालाच सुचावी अशी युक्ती. "बाई," ते म्हणाले, "माझा घसा बसलाय, या रविवारी गायला येत नाही. आणि रविवारच्या प्रार्थनेसाठी एक विषय होता. एकाला छातीचा आजार आहे. नाव नका घेऊ."

"कोण, मामा? आपल्यापैकी कोणी?"

"हो, आपल्यातलाच एक भाऊ आहे. पण नाव नको."

"बरं, नाही घेत. देवाला पत्ता ठाऊक आहे," पाळकबाई म्हणाल्या.

मामांना इतकं हलकं वाटलं, की ते त्या दिवशी पोटभर जेवले. सांगितलं तर आहे! देवालाही सांगितलं आणि मंडळीलाही. आता नळभाऊचं काय करायचं ते देव बघेल. मामी म्हणाल्या, "अर्धं सांगितलेलं न सांगितल्यापेक्षा वाईट." मामांनी ऐकलं न ऐकलं केलं.

रविवारी मामी एकट्याच चर्चला गेल्या. परत आल्या त्या चपला न काढताच खुर्चीत बसल्या. मामा मास्क सारखा करत स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय?" मामी म्हणाल्या. "बाई आज शिष्यांबद्दल बोलल्या. प्रभू उठल्याची बातमी कानावर आली होती, तरी ते आपले घाबरून कडी लावून आत बसलेले. मला तर वाटलं आपल्याच घराबद्दल बोलतायत. मग प्रार्थना. आपल्यातल्या एका भावासाठी, ज्याला छातीचा आजार आहे. असं म्हणून बाई थांबल्या. सगळं चर्च चिडीचूप. आणि अहो, त्या शांततेत नळभाऊ खोकला. त्यालाही मेल्याला तेव्हाच खोकला यायचा होता!"

दारात उभ्या मामांचा उजवा पाय आपसूक दाबला गेला.

"पुढे ऐका. प्रभुभोजनाला रांग लागली, सगळ्यांना एकाच प्याल्यातून द्राक्षरस. नळभाऊनं प्याला घेतला, घोट घेतला, परत दिला. त्याच्या मागे गायनबाई. बाईंनी प्याल्याकडे बघितलं, हात जोडले आणि बाजूला झाल्या. त्यांच्या मागचाही बाजूला झाला. मग सगळेच. रांग तुटली तिथे. तो वळून बघतोय, की मागे कोणी का नाही. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा... जाऊ दे, मला सांगवत नाही."

"तू घेतलास?"

"मी त्याच्या आधी होते," मामी म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "मागे असते तर घेतला असता, असं मला म्हणायचंय. पण देव जाणे."

बाहेर अंगणात कोणीतरी नळभाऊला गोड बोलून सांगितलं होतं, की वृद्धाश्रमात तू नाही आलास तरी चालेल. तो म्हणाला, धुळीचा खोकला आहे हो माझा. ते म्हणाले, असेल, असेल. तो गेल्यावर एक जण म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला," आणि एक-दोघं हसलेसुद्धा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि चोर घरात खिडकी लावून बसलेला.

"आता तरी सांगा," मामी म्हणाल्या.

"सांगतो. उद्या सांगतो."

सोमवारी मामांनी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. त्यातच एक वाईट विचारही त्यांच्या मनात येऊन गेला, तो लपवण्यात अर्थ नाही. नळभाऊला वृद्धाश्रमात जायचं नाही म्हणून सांगितलंय, म्हणजे म्हातारे तर वाचले! मग आता बोलायची घाई काय? असा विचार आला आणि मामांना स्वतःचीच शिसारी आली. पण फोन काही त्यांनी केला नाही.

मंगळवारी दुपारी दार वाजलं.

"मामा, मी आहे."

मामा दारापाशी गेले. हात कडीवर. मास्क बाल्कनीतल्या दोरीवर वाळत होता. कडी काढली असती तर नळभाऊ नेहमीसारखा आत घुसला असता आणि तोंडाशी तोंड आणून बोलला असता. मामांनी हात मागे घेतला.

"मला बरं नाही रे," ते दाराआडून म्हणाले. "आत नको येऊस."

मग नळभाऊ बोलला. नेहमीचा आवाज नव्हताच तो. "मामा, नव्या घरातलं माझं काम गेलं. मालकीणबाईंना कोणीतरी कळवलंय, की मला काहीतरी रोग आहे. मंडळीतल्याच कोणीतरी. मी काय केलंय हो? तुम्ही तर दर रविवारी माझ्या शेजारी उभे असता. तुम्ही तरी सांगा त्यांना, मला काही नाही म्हणून."

मामांचा हात पुन्हा कडीवर गेला आणि मागे आला.

"मामा?"

"मला बरं नाही रे," मामा पुन्हा म्हणाले.

"म्हणजे तुम्हीही घाबरलात मला," नळभाऊ म्हणाला. "बरं. येतो."

तो जिना उतरला. खोकत उतरला. प्रत्येक मजल्यावरून त्याचा खोकला ऐकू येत होता, मग रस्त्यावरून, मग बंद झाला. मामा दाराला डोकं टेकून उभे होते. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. मागे वळून बघितलं तर मामी उभ्या. डोळ्यांत पाणी आणि कपाळावर आठी. "माझ्याशी बोलू नका," त्या म्हणाल्या. "जाऊन त्याच्याशी बोला."

गुरुवारी संध्याकाळी तालीम होती. मामा निघाले. मास्क लावला, वर मफलर गुंडाळला. मामी बरोबर येते म्हणाल्या, तर मामा म्हणाले, "नको. तू असलीस तर मी तुझ्या मागे लपेन." चर्चपर्यंतचा रस्ता तो केवढा! पण वाटेत ते तीनदा थांबले आणि एकदा तर परत फिरून कोपऱ्यापर्यंत आले. कोपऱ्यावर एक शिकाऊ गाडी उभी होती, कुठल्या तरी दुसऱ्या शाळेची. आत एक मुलगी घाबरून बसलेली, गाडी जागची हलेना, मागचे हॉर्न वाजवतायत. तिचा शिक्षक तिला म्हणत होता, "अगं, पाय काढ ब्रेकवरून. गाडीला काही झालेलं नाही, तूच दाबून बसलीयस." मामांना ते काही फार गमतीचं वाटलं नाही. ते वळले आणि चालू लागले.

तालमीच्या खोलीच्या खिडक्या बंदच होत्या. मामांनी बाहेरून काचेवर टकटक केली. गायनबाईंनी खिडकी किलकिली केली.

"मामा! घसा बरा झाला का? या ना आत."

"आत येत नाही. आधी सगळ्या खिडक्या उघडा. दारही उघडा."

"अहो, समोरचे गृहस्थ ओरडतील..."

"ओरडू देत! उघडा म्हणतो ना!"

मामांना ओरडताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. भराभरा खिडक्या उघडल्या. आतले सगळे उभे, हातात पुस्तकं. नळभाऊही होता. वृद्धाश्रमात येऊ नकोस म्हटलं तरी तालमीला आला होता पठ्ठ्या. पण दाराजवळ एकटाच, खुर्चीवर, बाकीच्यांपासून दूर. त्याच्या हातात पुस्तक नव्हतं.

"प्रार्थना माझ्यासाठी होती," मामा म्हणाले. "तो आपल्यातला भाऊ म्हणजे मी. टीबी मला आहे. ईस्टरनंतर कळलं. नर्सबाईंनी विचारलं होतं, कोणाबरोबर असता, तर मी तुमचं नाव नाही घेतलं. भ्यालो. तुम्ही सगळे या खोलीत माझा खोकला खात होतात. सगळ्यांना तपासून घ्यायला लागेल. आणि नळभाऊला सगळ्यात आधी." इथे त्यांना दम लागला. "त्याला काही झालं असेल तर ते माझ्यापासून झालंय. तुम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतात, आणि मी घरात बसून तुम्हाला बघू देत होतो."

गायनबाई पेटीपुढच्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मी त्याच्या मागून प्याला घेतला नाही. अरे देवा. माझ्यानंतर बाकीचे."

नळभाऊ उठला. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि दारातून बाहेर आला. मामा चार पावलं मागे सरकले. तो त्यांच्यासमोर थांबला.

"दार उघडलं नाहीत ते कळलं," तो म्हणाला. "माझ्या भल्यासाठीच नाही उघडलंत. पण दाराआडून सांगता आलं असतं, मामा. दार काही बहिरं नव्हतं."

खरंच होतं ते. नळभाऊ फाटकातून निघून गेला आणि समोरच्या इमारतीतले गृहस्थ खिडकीत येऊन ओरडले, "आज गाणं नाही का?"

पाळकबाईंना निरोप गेला, त्या धावत आल्या. सगळं ऐकल्यावर त्या रागावल्या, मामांवरही आणि मंडळीवरही, आणि मग स्वतःवर. "मी कडी लावून बसलेल्या शिष्यांवर एवढं बोलले," त्या म्हणाल्या, "आणि त्याच उपासनेत माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाला आपण बाहेर काढून कडी लावली. मला तिथल्या तिथे बोलता आलं नाही." वृद्धाश्रमाचं जाणं रद्द झालं. बाई म्हणाल्या, यंदाची सेवा आता एवढीच: उद्या सगळ्यांनी मिळून दवाखान्यात जायचं, एकानंही मागे राहायचं नाही.

गेले सगळे. दवाखान्याच्या बाकांवर गायकवृंद रांगेनं बसला. नर्सबाई मामांना फोनवर म्हणाल्या, "मी आणि माझी गाडी, नाही का? बरीच माणसं मावतात हो तुमच्या गाडीत." कोणाला काही निघालं नाही. आला नाही तो फक्त नळभाऊ.

आता मामांचा जीव खरा टांगणीला लागला. नळभाऊ घरातून बाहेर पडेना. म्हणे, मला काही झालेलं नाही, आणि झालं असलं तरी तुम्हाला काय त्याचं? पाळकबाई आणि गायनबाई दोघी मिळून त्याच्याकडे गेल्या. त्यानं दार उघडलं नाही. तेव्हा गायनबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या, एवढ्या वयाच्या बाई, आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाल्या, "भाऊ, मी चुकले. मला क्षमा कर किंवा नको करू, दारही नको उघडूस. पण तपासून घे रे बाबा." दोघी तशाच परत आल्या आणि त्यांनी मामांना कळवलं.

मामा रोज सकाळी गोळ्या घ्यायचे आणि खिडकीत बसायचे. मामी काही बोलल्या तर दचकायचे. फोन वाजला की धावत सुटायचे. नळभाऊचा खोकला वाढला असेल का? रुमालावर त्यालाही ठिपका दिसला असेल का? दिसला तर तो कोणाला सांगेल? सांगायला त्याला आता होतं कोण? "देवा, त्याला दवाखान्यात ने," एवढीच मामांची प्रार्थना, आणि या वेळी त्यांनी नाव घेऊन केली.

रविवारी उपासना अंगणात झाली. नळभाऊ नव्हता. त्यानंतरच्या बुधवारी मामी बाजार करून, दवाखान्यातून मामांच्या गोळ्या घेऊन आल्या, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तो गेला होता दवाखान्यात. परवाच, एकटाच. निघालाय त्याला. आजपासून गोळ्या सुरू."

मामा रडले. मामींनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "नर्सबाई म्हणाल्या, कोणी कोणाला दिला ते काही सांगता येत नाही. कदाचित त्यानं तुम्हाला दिला असेल."

"नाही गं," मामा म्हणाले. "मीच दिला."

"मग तसं समजा. पण वेळेत सापडलाय, बरा होणार आहे तो. हेही समजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं नुकती भिंतीवर आली होती, खालून हाक आली.

"मामा! ओ मामा!"

मामा धडपडत खिडकीशी गेले. खाली नळभाऊ उभा. तोंडाला मास्क, कमरेवर हात.

"वर येत नाही मी," तो ओरडला. "माझा राग गेलेला नाही."

"बरोबर आहे तुझं," मामा म्हणाले.

"बरोबर आहे ते मलाही माहितीय. ते राहू द्या. मला एवढंच सांगा, त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थबकली. दूधवाल्यानं सायकल थांबवली.

"होतं," मामा म्हणाले. "माझीही झाली होती पहिल्या दिवशी."

"मग सांगायला नको? नर्सबाईंनी सांगितलं असेल, पण माझं कुठे लक्ष होतं तिथे! काल बाथरूममध्ये उभ्या उभ्या मी देवाला म्हटलं, संपलं सगळं, आता माझा आत्मा घे!"

मामींना हसू आवरेना, त्या पदर तोंडात धरून आत पळाल्या. मामाही हसले, ईस्टरनंतर पहिल्यांदाच, आणि हसता हसता खोकले. खाली नळभाऊ खोकला.

"अजून काय काय होतं?" त्यानं विचारलं. "आता सगळं सांगा. काही ठेवू नका."

"मळमळतं. उपाशीपोटी घ्यायची, मग तासाभरानं खायचं. सांधे दुखतात थोडे."

"अजून?"

"अंधार पडला की भीती वाटते."

"ती गोळीनं?"

"नाही. ती माझी आहे."

नळभाऊनं हत्यारांच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर सारखा केला.

"मलाही वाटते," तो म्हणाला. "उद्या गोळीच्या वेळेला इथे येतो. तुम्ही वर घ्या, मी खाली घेतो."